डोंगरातील गाव दुर्गम कसे ठरते

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील एखाद्या वाडीविषयी मराठीत जे लिहिले आणि बोलले जाते, त्यामागे एक गृहीत जवळजवळ नेहमी असते. हे गाव मूळचेच जगापासून तुटलेले आहे, डोंगराने त्याला तसे ठेवले आहे आणि म्हणून तेथील जगणे जुने, संथ व स्वयंपूर्ण राहिले आहे, असे ते गृहीत आहे. निसर्गप्रेमी लेखक त्याच्या आधारे या जगण्याचा गौरव करतो आणि विकासाची भाषा बोलणारा अधिकारी त्याच आधारे त्याची कीव करतो. परंतु दुर्गमता ही निसर्गाने दिलेली स्थिती आहे, याबद्दल दोघांचे एकमत असते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, दुर्गमता ही बहुतांशी घडवली जाते. वाहतुकीचे मार्ग कोठून काढायचे, जंगल कोणाचे मानायचे, पाणी कोणासाठी अडवायचे आणि सोयी कोणत्या निकषाने वाटायच्या, याविषयी वेळोवेळी झालेल्या निर्णयांचा तो साचत आलेला परिणाम असतो. हे मान्य केले, तर अशा गावाला भेट देणाऱ्याने तेथे नेमके काय पाहायचे, हा प्रश्नही निराळ्या रीतीने विचारावा लागतो.

या विवेचनासाठी अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा पश्चिम भाग मुख्यतः विचारात घेतला आहे. हा भाग डांगाण म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर असलेले १६४६ मीटरचे कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि त्यांच्या पायथ्याची बारी, रतनवाडी, साम्रद, घाटघर, पाचनई ही गावे याच भागात येतात. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची असून त्याखालोखाल ठाकर समाजाची घरे आहेत. बाजाराचे गाव राजूर, तालुक्याचे गाव अकोले आणि जिल्ह्याचे ठिकाण त्याहून कितीतरी दूर, पठाराच्या कोरड्या टापूत आहे. पश्चिमेला मात्र कडा संपला की खाली थेट कोकण लागते, आणि मुंबईची हद्द सरळ रेषेत जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा जवळ पडते.

भूगोलाचा वाटा नाकारण्याचे अर्थातच कारण नाही. घाटमाथा म्हणजे कोकणात तुटणाऱ्या कड्याच्या वरची चिंचोळी डोंगरपट्टी. अरबी समुद्रावरून येणारे ढग प्रथम तिलाच अडतात. जिल्ह्याच्या पूर्व भागात वर्षाकाठी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातील घाटघर-रतनवाडी परिसरात तो काही वर्षी ५००० मिलिमीटरच्याही पलीकडे जातो. जुलैत दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, ओढ्यांना पाणी आले की वाटा बंद होतात, जनावरेही तग धरणारीच पाळावी लागतात. डांगी ही गोवंशाची जात या पावसातच घडली असून राजूरला दरवर्षी तिचे प्रदर्शन भरते. तरीही एवढ्या पावसाच्या या गावांत एप्रिल-मे महिन्यांत हंड्यासाठी ओढ्यातला झिरा उकरावा लागतो. येथील खडक काळ्या बसाल्टचा, थरावर थर रचलेला आणि फारसे पाणी मुरू न देणारा. उतार तीव्र, मातीचा थर पातळ. पडलेले पाणी काही तासांत दरीत उतरते आणि झरे फाल्गुनापर्यंतच साथ देतात. इथपर्यंत भूगोल झाला. त्या वाहून जाणाऱ्या पाण्याचे पुढे काय झाले, हे मात्र भूगोल सांगत नाही. त्यासाठी इतिहासाकडे वळावे लागते.

हा डोंगर नेहमीच वाटेबाहेर नव्हता. घाट या शब्दाने आज मोटाररस्ता डोळ्यांसमोर येत असला, तरी रेल्वेपूर्व काळात घाट म्हणजे कडा उतरणारी पायवाट किंवा बैलवाट होती, आणि अशा वाटा सह्याद्रीच्या या भागात जागोजागी होत्या. जुन्नर आणि कल्याण-सोपारा यांना जोडणारा नाणेघाट त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरलेला आहे, आणि घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकात गोळा करण्यासाठी होता असे परंपरा मानते. साम्रदहून देहण्याकडे उतरणारा करोली घाट किंवा घाटघरहून चोंढ्याकडे जाणारी वाट या त्याच जाळ्यातील लहान नाड्या होत्या. कोकणातून मीठ वर येई, घाटावरून धान्य खाली जाई, आणि माल लादलेल्या बैलांच्या तांड्यांना चारा, पाणी, वाटाड्या व संरक्षण यांसाठी माथ्यावरच्या गावांवरच अवलंबून राहावे लागे. मराठेशाहीत या भागातील कोळी नाईकांकडे घाट व किल्ले राखण्याचे काम असे आणि त्याबद्दल त्यांना हक्क व नेमणुका मिळत. तेव्हा आज रस्ता संपतो तेथे असलेले गाव त्या काळी दोन प्रदेशांमधल्या दारावर वसलेले होते.

हे दार एका शतकाच्या आत बंद झाले. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे धावू लागली आणि १८६५ मध्ये थळघाटाने कसारा व इगतपुरी जोडले गेले. चाकांना सोसेल असा चढ जेथे काढता आला तेथे सगळी वाहतूक एकवटली आणि उरलेल्या वाटा ओस पडल्या. कडा होता तेथेच राहिला. बदलला तो मालाच्या वाहतुकीचा हिशेब. नाईकांचे हक्क तर त्याआधीच, पेशवाईच्या अखेरीनंतर, नव्या राजवटीने छाटायला घेतले होते. त्यातून आणि सावकारी जाचातून या डोंगरांत उठाव झाले. त्यांतील प्रमुख नेते राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. घाटांवरील चौक्या, नाईकांवरील पाळत आणि या समाजाविषयी सरकारी कागदांत रुजलेला संशय ही या उठावांनंतरची देणगी होय. दळणवळण तुटणे आणि विश्वास तुटणे या दोन्ही गोष्टी अशा प्रकारे एकाच काळात घडल्या.

दुसरा निर्णय जंगलाविषयीचा. तो समजण्यासाठी येथील शेतीची रीत जवळून पाहावी लागते, कारण दैनंदिन जीवनाचा सगळा पट तिच्याशी बांधलेला आहे. भात खाचरात होते, तर उतारावरच्या हलक्या जमिनीत, म्हणजे वरकस जमिनीत, नाचणी व वरई घेतात. वरकस ही महसुलातील संज्ञा असून तिच्यातून भरड धान्याबरोबरच गवत व टहाळही मिळणे अपेक्षित असते. भात असो वा नाचणी, आधी रोपे तयार करावी लागतात आणि रोपांची जागा राब भाजून तयार होते. मे महिन्यापर्यंत निवडलेल्या तुकड्यावर प्रथम शेणाचा थर, त्यावर झाडांचे वाळलेले टहाळ, त्यावर पालापाचोळा व गवत आणि सर्वांत वर बारीक मातीचा पातळ थर पसरतात, म्हणजे जाळ भडकत नाही आणि राख वाऱ्याने उडून जात नाही. पेटवताना काडी वारा ज्या बाजूला वाहतो त्या टोकाला लावतात, त्यामुळे आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते आणि ऊब जमिनीत खोलवर उतरते. तणाचे बी जळून जाते, माती भुसभुशीत होते, राखेचे खत मिळते. पहिल्या पावसाच्या बेताने त्यावर बी टाकले, की पुढे पावसाने जोर धरेपर्यंत रोपे हाताशी येतात. मग आवणी, म्हणजे रोपे उपटून चिखल केलेल्या खाचरात लावणे, सुरू होते आणि गावातील एकही धडधाकट माणूस घरी राहत नाही. या कामात नांगरापासून मुठीने रोप रोवण्यापर्यंत प्रत्येक टप्पा पावसाच्या आठ-दहा दिवसांच्या अंदाजावर चालतो; एवढा काटेकोर हिशेब सांभाळणाऱ्या जीवनाला संथ म्हणण्यात फारसे तथ्य नाही.

राबाला टहाळ लागते आणि टहाळ जंगलातून येते. १८७८ च्या वन कायद्याने राखीव व संरक्षित वनांच्या हद्दी आखल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली टहाळ तोडण्याची, चराईची व लाकूडफाट्याची रीत एकाएकी सवलत किंवा गुन्हा यांपैकी एका सदरात गेली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी एवढ्या वाढल्या, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला, आणि राबासाठीचे टहाळ हा त्याच्यापुढील प्रमुख प्रश्नांपैकी एक होता. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात, १९८६ मध्ये, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य घोषित झाले आणि हद्दीच्या जुन्या प्रश्नावर संरक्षित वन्यजीवनाचा नवा थर चढला. २००६ च्या वनहक्क कायद्याने जमिनीवरील वैयक्तिक हक्कांबरोबर सामूहिक वनहक्काचीही तरतूद केली; म्हणजे जंगलाचा वापर, राखण व व्यवस्थापन करण्याचा ग्रामसभेचा अधिकार मान्य केला. कायदा करणे आणि हक्क हाती पडणे यांत अजून बरेच अंतर आहे. तरीही जंगलाचा निर्णय गावाबाहेर होणे ही निसर्गाची नव्हे, धोरणाची बाब होती, ही गोष्ट या कायद्याने कागदावर तरी कबूल केली, याचे महत्त्व कमी नाही.

तिसरा निर्णय पाण्याचा, आणि तो सर्वांत बोलका आहे. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याजवळ अडवण्याचे काम १९१० मध्ये सुरू झाले व १९२६ मध्ये पूर्ण झाले. धरणाचा हेतू पूर्वेकडील अवर्षणग्रस्त टापूला कालव्याने पाणी देण्याचा होता आणि तो सफल झाला. प्रवरेच्या खोऱ्यात ऊस उभा राहिला, १९५० मध्ये लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि महाराष्ट्राच्या सहकार चळवळीचा पाया तेथे घातला गेला. या इतिहासाचा मराठी माणसाला रास्त अभिमान आहे. मात्र त्या यशाच्या जमाखर्चात डोंगराची बाजू क्वचितच लिहिली जाते. जेथे नदीचे पात्र होते तेथे रुंद जलाशय पसरला, खोऱ्यातील सपाट व कसदार जमीन बुडाली, शेती उतारावर सरकली आणि काठावरच्या गावांना एकमेकांकडे जाण्यासाठी वळसा पडू लागला. सातारा जिल्ह्यात १९६० च्या दशकात कोयना धरणाने हेच अधिक मोठ्या प्रमाणावर घडवले. शिवसागर जलाशयापलीकडची कांदाटी खोऱ्यातील गावे लाँचवर अवलंबून राहिली. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात मुंबईला पाणी पुरवणारी तानसा, वैतरणा व भातसा ही जलाशये आहेत, आणि त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अशा ठिकाणी पाण्याची टंचाई हे मागासलेपणाचे लक्षण मानणे म्हणजे ज्याच्याकडून घेतले त्यालाच दरिद्री म्हणून हिणवणे होय.

पाण्यापाठोपाठ माणसेही खाली जातात. आवणी आटोपली की आणि पुन्हा दिवाळीनंतर, डांगाणातील जोडपी जुन्नर तालुक्यातील नारायणगावला मजुरीसाठी जातात. तेथे भल्या सकाळी मजुरांचा बाजार भरतो, बागायतदार येतात, त्या दिवसाचा रोज ठरतो आणि माणसे गाडीत बसून टोमॅटोच्या, कांद्याच्या किंवा द्राक्षाच्या शेतावर जातात. मुंबईच्या डबेवाल्यांतील पुष्कळ जण मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर व अकोले या डोंगरपट्ट्याच्या तालुक्यांतून आलेले आहेत. म्हणजे बागायती पट्ट्याची भाजी आणि महानगराचे दुपारचे जेवण या दोन्हींना ज्या वाड्या हात पुरवतात, त्याच वाड्यांना जगाशी संपर्क नसलेल्या म्हटले जाते. गो. नी. दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’ या कादंबरीचा नायक मुंबईहून राजमाचीच्या माळावर परतलेला आहे, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. डोंगरी एकांताचे मराठीतील हे सर्वांत लोकप्रिय चित्रही मुळात महानगरातून परत आलेल्या माणसाचे चित्र आहे. डोंगरातील घराचा संसार एका जागी मावत नाही. म्हातारी माणसे, गुरे आणि भात वर. कमावते हात खाली. मुले आश्रमशाळेत, म्हणजे आदिवासी मुलांसाठी चालवल्या जाणाऱ्या निवासी शाळेत. भेट देणाऱ्याला दुपारी गाव शांत वाटते, त्यामागे बहुधा ही गैरहजेरी असते.

चौथा निर्णय निकषांचा आहे. तो सर्वांत कमी दिसतो आणि आजच्या जगण्यावर सर्वांत जास्त परिणाम करतो. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट प्रदेशातील ५०० आणि डोंगरी राज्ये, वाळवंटी प्रदेश व अनुसूचित आदिवासी क्षेत्र यांतील २५० लोकसंख्येच्या वस्तीला बारमाही रस्त्याने जोडण्याचा निकष ठेवण्यात आला. आरोग्य उपकेंद्रासाठी सपाटीवर ५००० आणि डोंगरी व आदिवासी भागात ३००० लोकसंख्या धरली जाते. या दोन्ही ठिकाणी डोंगराला सवलत दिल्याचे दिसते, पण मोजण्याचे माप तेच राहते: डोक्यांची संख्या. सपाटीवर ३००० माणसे एका मोठ्या गावात सापडतात. डोंगरात तेवढी माणसे मोजायला तीन खोरी आणि दहा वाड्या ओलांडाव्या लागतात, आणि मग त्यांतील एका वाडीत उभारलेले उपकेंद्र उरलेल्या नऊ वाड्यांना पावसाळ्यात असून नसल्यासारखे होते. अडलेल्या बाळंतिणीला झोळीत घालून चिखलातून उतरवावे लागते, ते अंतरामुळे जितके तितकेच या गणितामुळे. रास्तभाव दुकानातही तोच प्रकार आहे. धान्य देण्यापूर्वी ई-पॉस यंत्रावर अंगठा उमटवायचा, तर रेंज हवी. रेंज नसेल तेथे माणूस समोर उभा असूनही त्याचे अस्तित्व सिद्ध होत नाही. शाळेच्या बाबतीत २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरचे अंतर गृहीत धरले, परंतु कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा विचार पुन्हा पुन्हा पुढे येतो, आणि कमी पट हे तर छोट्या वाडीचे स्वरूपच आहे.

या निकषांचे टोक इर्शाळवाडीत दिसले. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील ही ठाकर समाजाची वाडी इर्शाळगडाच्या पायथ्याशी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गापासून फार दूर नसलेल्या डोंगरावर होती आणि गडावर जाणाऱ्या गिर्यारोहकांना चांगली माहीत होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. वाडीत ४८ कुटुंबे व २२८ माणसे राहत असल्याचे शासनाने सांगितले. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता ठरले. वर जाण्यास पायवाटेखेरीज मार्ग नव्हता, पावसामुळे हेलिकॉप्टर उडू शकले नाही, यंत्रे नेता आली नाहीत, म्हणून ढिगारा हातांनी उपसावा लागला. अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढ चढतानाच हृदयविकाराने दगावला. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असेही तेव्हा सांगण्यात आले. देशातील सर्वांत वर्दळीच्या महामार्गांपैकी एकाच्या शेजारी एक वस्ती पूर्णपणे दुर्गम असू शकते, यावरून दुर्गमता किलोमीटरांत मोजता येत नाही हे पुरेसे सिद्ध होते. ती मोजायची असेल, तर गरज पडली तेव्हा कोण किती वेळात पोचते, या प्रश्नाने मोजावी लागेल.

आता भेट देणाऱ्याकडे वळता येईल. सह्याद्रीतील भटकंतीला मराठीत मोठी परंपरा आहे, आणि किल्ल्यांच्या निमित्ताने का होईना, शहरातील मध्यमवर्ग या वाड्यांपर्यंत पोचला, हे तिचे श्रेय आहे. गेल्या काही दशकांत त्याला बाजाराचे रूप आले. पिठले-भाकरीच्या घरगुती जेवणापासून जलाशयाकाठच्या तंबूंपर्यंत आणि सांदण दरीच्या वाटाड्यापासून काजवे पाहण्याच्या सहलींपर्यंत अनेक सेवा विकल्या जातात, आणि नारायणगावला न जाता गावातच चार पैसे मिळण्याची सोय त्यामुळे झाली, हे निर्विवाद आहे. अडचण व्यवहारात नाही. पाहुणा तो व्यवहार आहे हे विसरतो, त्यात आहे. काजव्यांचा हंगाम मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतचा. नर-मादी एकमेकांना प्रकाशाच्या खुणेने ओळखतात, त्यामुळे गाड्यांच्या दिव्यांनी त्यांच्या मीलनातच व्यत्यय येतो, आणि म्हणून वन विभागाला वाहनांवर व वेळेवर निर्बंध घालावे लागतात. परंतु याच पंधरवड्यांत गावातील पाणवठे तळाला गेलेले असतात, राब भाजून झालेले असतात आणि बी टाकण्याची घाई असते. पाहुण्याचा सर्वांत रम्य आठवडा हा यजमानाचा सर्वांत ओढाताणीचा आठवडा असतो. तंबूत अंघोळीला दिलेली बादली कोणी, कोठून आणि कितव्या खेपेला आणली, हे जेवणाच्या दरपत्रकात लिहिलेले नसते.

अंतराचे मापही दोघांचे वेगळे असते. पाहुणा मुंबईपासूनचे किलोमीटर सांगतो आणि रस्त्याला नावे ठेवतो. गावकऱ्याचे अंतर मुक्कामी एसटीवर ठरते. संध्याकाळी येऊन रात्री गावातच थांबणारी आणि पहाटे परत निघणारी ही गाडी आली, तर दवाखाना, बाजार व महाविद्यालय आवाक्यात; नाही आली, तर तेच राजूर एका दिवसाने लांब जाते. याच कारणाने दुर्गम गाव पाहण्याचा आनंद आणि दुर्गम गावात राहण्याचा त्रास हे एकाच गोष्टीचे दोन अनुभव ठरतात. पाहुणा स्वतःची गाडी घेऊन येतो तेव्हा त्याच्यापुरती ती दुर्गमता संपलेलीच असते, आणि म्हणूनच त्याला ती सुंदर वाटू शकते.

या प्रतिपादनावर दोन गंभीर आक्षेप येतात. पहिला असा, की रस्ता व सोयी आल्या की डोंगर उरत नाही: जमिनीचे सौदे होतात, बंगले उठतात, कडा कापल्याने दरडी सैल होतात, आणि ज्या गावासाठी रस्ता काढला तेच गाव रस्त्याकडेला पहारेकरी म्हणून उभे राहते. मुळशी, मावळ व महाबळेश्वरच्या परिसराकडे पाहता हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष रस्ता नको असा नाही. जेथे जमीन, जंगल व पाणी यांवर गावाचा अधिकार आधीच सुटलेला असतो, तेथे रस्ता बाहेरच्यांना आत आणतो. जेथे तो अधिकार शाबूत असतो, तेथे तोच रस्ता आतल्यांना बाहेर जाऊन परत येऊ देतो. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना जमीन व गौण वनोपज यांबाबत अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ मध्ये झाला, त्याचे महाराष्ट्रातील नियम २०१४ मध्ये आले. रस्त्याच्या आधी, किंवा निदान बरोबरीने, हे अधिकार प्रत्यक्षात यावेत, असाच आक्षेपाचा खरा अर्थ लावला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जेम्स स्कॉट यांनी २००९ च्या आपल्या ग्रंथात आग्नेय आशियातील डोंगरी समाजांविषयी असे मांडले, की करवसुली, वेठ व सैन्यभरती यांपासून दूर राहण्यासाठी लोकांनी डोंगर मुद्दाम जवळ केला. त्यांचे मागासलेपण वस्तुतः राज्यसत्तेला दिलेला विचारपूर्वक नकार होता. या दृष्टीने पाहिले, तर दुर्गमता ही लादलेली वंचना नसून निवडलेले स्वातंत्र्य ठरते. सह्याद्रीच्या इतिहासातही याला आधार आहे. गिरिदुर्गांचे सारे शास्त्र आणि राघोजींसारख्यांचे उठाव कड्यांच्या आश्रयानेच उभे राहिले. मात्र या मांडणीने प्रस्तुत मुद्दा दुर्बळ होत नाही. नाईकाला कड्याने बळ दिले आणि इर्शाळवाडीला कड्याने गाडले. दोन्हींत कडा तोच असेल, तर फरक कड्याबाहेर शोधावा लागतो, आणि तो निर्णय कोणाच्या हाती होता यात सापडतो. नाकारण्याची ताकद असलेल्याचे दूर राहणे हे स्वातंत्र्य असते. मागूनही न मिळणाऱ्याचे दूर राहणे ही उपेक्षा असते.

यातून धोरणाच्या पातळीवर काही गोष्टी सरळ निघतात. डोंगरातील सोयींचे निकष लोकसंख्येवर न ठेवता पोचण्याच्या वेळेवर, आणि तोही जानेवारीच्या नव्हे तर जुलैच्या वेळेवर, ठेवले पाहिजेत. एका उपकेंद्राने किती माणसे सांभाळायची, याऐवजी कोणत्याही घरातून पावसात तेथे किती तासांत पोचता आले पाहिजे, हे ठरवले तर वाड्यांची विखुरलेली रचना दोष न राहता नियोजनाचा आधार बनेल. धरणक्षेत्रातील गावांना पिण्याचे पाणी ही मेहेरबानी न मानता पाणीवाटपातील पहिला हक्क मानला पाहिजे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना पर्यटनाचे नियम, पाहुण्यांची संख्या आणि हंगाम ठरवण्याचा अधिकार असला पाहिजे, कारण पाणवठा कधी आटतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. याच तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांचा संग्रह उभा केला आणि २०२० मध्ये त्या पद्मश्रीने सन्मानित झाल्या, तेव्हा डोंगरातील ज्ञानाचे कौतुक सर्वत्र झाले. ते ज्ञान ज्या जमिनीवर, जंगलावर आणि पाण्यावर जगते, त्यांचा हिशेब मात्र कौतुकात राहून गेला.

भेट देणाऱ्याकडूनही यामुळे वेगळी अपेक्षा निर्माण होते. त्याने जाऊ नये असे कोणी म्हणणार नाही. गावालाही तसे वाटत नाही. गाव पाहताना मागे पडलेले काय दिसते, याऐवजी येथून काय नेले गेले आणि त्याच्या बदल्यात काय आले, असे त्याने स्वतःला विचारावे. हा प्रश्न विचारणाऱ्याला आपल्या नळाचे पाणी, आपल्या ताटातील भाजी आणि साखर यांचे धागे त्याच उतारावर सापडतात, आणि आपण या गावात पहिल्यांदाच आलो हा समज टिकत नाही. या गावांशी पठाराचा व शहराचा संबंध कधीच तुटलेला नव्हता. तो एकतर्फी झाला होता. दुर्गमता दूर करणे म्हणजे नवे नाते जोडणे नव्हे. आधीच्या नात्यातील थकबाकी मान्य करून ती फेडण्यास आरंभ करणे, एवढाच त्याचा अर्थ आहे.